ताब्यात गेलेलं यान: गावच्या मुलांकडून अंतराळनाटक कसं बसवायचं

दिवाळीनंतर गावोगावी मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागल्या की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या गावांत रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत मांडवातून माणूस हलत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला तर नाटक कंपन्यांची अख्खी बाजारपेठ आहे. २०२३ साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. अशा मुलखातल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलं फक्त टीव्हीवरच्या गाण्यांवर नाचतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आईच्या मांडीवर झोपत-जागत नाटक बघितलेली ही मुलं आहेत. त्यांना रंगमंच शिकवावा लागत नाही, चांगली गोष्ट तेवढी द्यावी लागते.

हा लेख पाचवी ते नववीच्या मुलांकडून तासाभराचं अंतराळनाटक बसवू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी आणि गावातल्या मंडळांसाठी आहे. स्नेहसंमेलनात करा किंवा २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी करा.

गोष्ट थोडक्यात अशी. ‘वैनगंगा’ नावाचं यान एका दूरच्या ताऱ्याकडे निघालं आहे. त्यावर नऊ माणसं आहेत. सगळ्यात लहान चौदा वर्षांची मुलगी, यानावरच जन्मलेली. तिला सगळे ‘धाकटी’ म्हणतात. बाकीच्या आठ जणांच्या मनाचा ताबा एकेक करून दुसऱ्याच कशाकडे तरी जातो आणि धाकटीला त्यांच्या हातून निसटायचं असतं.

घरातल्या धाकट्या पोराला कोणी सल्ला विचारत नाही, पण पाणी आण, पोतं उचल, माळ्यावरून टोपली काढ, ही कामं त्याच्याच वाट्याला येतात. म्हणून घराचा कोपरा न् कोपरा त्यालाच ठाऊक असतो. या नाटकाचा जीव तिथे आहे. धाकटीची सुटका बंदुकीनं किंवा नशिबानं झाली, तर नाटक वाया गेलं समजा. ती तिच्या रोजच्या हलक्या समजल्या जाणाऱ्या कामातून झाली पाहिजे. पुढची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीसाठी आहे.

पहिलं काम: ताबा कशाचा ते ठरवा

इथे घाई करू नका. संहितेची एक ओळ लिहायच्या आधी मुलांना घेऊन शेतात जा.

तुरीला किंवा हरभऱ्याला घाटे अळी लागली की काही शेतकरी एचएएनपीव्ही नावाच्या विषाणूची फवारणी करतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी हा विषाणू निकामी होतो, म्हणून फवारणी संध्याकाळी करतात आणि द्रावणात नीळही घालतात. विषाणू पोटात गेला की अळी काही दिवसांनी खाणं सोडते आणि झाडाच्या शेंड्याकडे चढू लागते. एरवी जी पानाआड, घाट्यात तोंड खुपसून बसायची, ती उघड्यावर शेंड्याला जाते, मागच्या पायांनी धरून डोकं खाली करून लटकते आणि मरते. कातडी इतकी नाजूक होते की काडी लागली तरी फुटते. आतला काळपट द्रव खालच्या पानांवर ओघळतो. त्या द्रवात विषाणूच विषाणू असतो आणि खालची पानं दुसऱ्या अळ्या खातात. अळी वर चढली त्यात तिचा काहीच फायदा नव्हता, फायदा विषाणूचा होता. जिप्सी पतंगाच्या अळीवरचं संशोधन २०११ साली प्रसिद्ध झालं. त्या अळीला लागणाऱ्या अशाच विषाणूतलं एकच जनुक अळीला वर चढवून तिथेच थांबवतं, असं त्यात दिसून आलं. मुलांना हे फळ्यावर सांगण्यापेक्षा तुरीच्या शेंड्यावर लटकलेली अळी दाखवा. नाटकाचा अर्धा अभ्यास बांधावरच होतो.

निसर्गात असे आणखी प्रकार आहेत. एक लांब, केसासारखा कृमी रातकिड्याच्या पोटात वाढतो आणि वाढ पूर्ण झाली की रातकिड्याला पाण्यात उडी घ्यायला लावतो, कारण कृमीला पाण्यात जायचं असतं. दमट जंगलात एक बुरशी मुंगीला झाडावर चढवून पानाच्या शिरेला चावून बसायला लावते, मग मेलेल्या मुंगीच्या डोक्यातून उगवते. हिरव्या-निळ्या चकाकत्या अंगाची एक गांधीलमाशी झुरळाच्या मेंदूत नेमका डंख करते. झुरळाचे पाय शाबूत राहतात, पण स्वतःहून पाऊल टाकायची इच्छा जाते. मग माशी त्याची मिशी धरून, बैलाला कासऱ्यानं न्यावं तसं, त्याला आपल्या बिळात घेऊन जाते. आणि पिसाळलेला कुत्रा तर गावातल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. रेबीजचा विषाणू मेंदूत शिरतो, लाळेत उतरतो आणि कुत्र्याला चावत सुटायला लावतो.

या सगळ्यांत एक धागा आहे. ताबा घेणाऱ्याला एकच साधी गोष्ट हवी असते. अळीला वर चढवायचं, रातकिड्याला पाण्यात न्यायचं, कुत्र्याला चावायला लावायचं. म्हणून तुमच्या यानावरच्या परजीवीलाही एकच गोष्ट हवी असू द्या. जग जिंकायचं वगैरे नको.

मी सुचवतो ती गोष्ट अशी: यानाच्या पाण्याच्या टाकीत बुरशी वाढली आहे. तिला ऊब, ओल आणि साचलेली हवा हवी आहे. ताब्यात गेलेली माणसं म्हणून पंखे बंद करतात, तापमान वाढवतात आणि सगळ्यांना ‘एकत्र बसून पाणी प्या’ म्हणतात. याला खरा आधारही आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर घाम, श्वासातली वाफ आणि लघवी यांतलं सुमारे ९८ टक्के पाणी शुद्ध करून पुन्हा वापरता येतं. म्हणजे सगळ्यांचं पाणी एकच. रशियाच्या ‘मीर’ स्थानकात पॅनेलमागे साचलेल्या पाण्यात बुरशी आणि जिवाणू वाढलेले सापडले होते. माणसाचं मन ताब्यात घेणारी बुरशी मात्र कुठेही नाही. मुंगीवरची बुरशी माणसाला होत नाही. नाटकाच्या आधी सूत्रधारानं हे एका वाक्यात सांगावं.

करणी, भानामती, अंगात येणं: यातलं काहीही नको

ही अट मी फार आग्रहानं घालतो. ‘कोणीतरी दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेतला’ असं म्हटलं की आपल्या गावात लोकांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा बुरशी येत नाही, करणी येते. करणीच्या संशयावरून बायांना मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या बातम्या आपल्या भागातून आलेल्या आहेत. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, पण कायद्यानं मनातली भीती जात नाही. शंभर माणसांसमोर तुम्ही केस मोकळे सोडून घुमणारी बाई उभी केलीत, तर तुमच्या यानाचं काहीही होवो, गावातल्या एखाद्या एकट्या म्हातारीचं नुकसान नक्की होईल.

म्हणून लिंबू नको, अंगारा नको, घुमणं नको, किंकाळी नको. सगळ्यात आधी ताब्यात जाणारं पात्र बाईचं ठेवू नका. कप्तानच आधी जाऊ द्या. आणि ताब्याचं कारण धाकटीनं तपासून शोधलं पाहिजे. तिच्याकडे वही असू द्या. त्यात ती लिहिते: कोण कोणत्या टाकीचं पाणी प्यालं, कोण कधी बदललं. एक मावशी आजारी होती, ती फक्त उकळलेलं पाणी पीत होती, आणि ती सगळ्यात शेवटी बदलली. प्रेक्षकांनी हे धाकटीच्या बरोबरीनं ओळखलं पाहिजे. हा प्रवेश नाटकात सर्वांत शांत असतो, आणि तोच नीट बसला तर पुढचा पळ खरा वाटतो.

यानाचा नकाशा शाळेच्या मैदानावर काढा

फक्कीनं एक मोठं वर्तुळ आखा. यान गोल कड्यासारखं आहे आणि स्वतःभोवती फिरतं, म्हणून कड्यावर उभ्या माणसाला वजन जाणवतं. मिनिटाला दोन फेरे घेऊन पृथ्वीइतकं वजन हवं असेल, तर कड्याची त्रिज्या सुमारे २२४ मीटर लागते. परीघ निघतो जवळपास १,४०० मीटर. एवढं मैदान कोणत्याच शाळेला नाही, पण मुलांना गावाच्या रस्त्यावर २२४ मीटर पावलांनी मोजायला लावा. एकदा पायाखालून अंतर गेलं की ती रंगमंचावर ‘लांब जायचंय’ हे वेगळ्या तऱ्हेनं बोलतात.

कड्यावर राहायच्या मोजक्या खोल्या, भाजीपाल्याची ‘वाडी’ आणि पाण्याची टाकी. मधोमध ‘गाभा’, म्हणजे हवा-पाण्याचे मुख्य स्विच असलेली छोटी खोली. कड्यापासून गाभ्यापर्यंत एक उभी बोगदेवजा वाट आणि तिच्यात शिडी. वर चढत जाल तसं वजन कमी होतं. अर्ध्या वाटेवर निम्मं. कड्यावर ३० किलो भरणारी मुलगी तिथे १५ किलो भरेल, आणि गाभ्यात तरंगेल.

मग मुलांना विचारा, धाकटी दिवसभर काय काम करते? उत्तरं मुलांकडूनच येऊ द्या. बहुतेक जण हवेच्या जाळ्या धुणं, वाडीला पाणी देणं, टाकी घासणं सांगतील. हवेचा हिशेब फळ्यावर मांडा. एका माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि तो जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो. नऊ माणसांचा दिवसाचा नऊ किलो. तो शोषून घेणाऱ्या यंत्रापर्यंत हवा नेतात पंखे. बाहेरच्या हवेत हा वायू सुमारे ०.०४ टक्के असतो, आणि दोन-तीन टक्क्यांपर्यंत गेला की डोकं दुखतं, धाप लागते. म्हणजे पंखे बंद होणं ही यानावरची पहिली धोक्याची खूण, आणि ती आधी कळणार जाळ्या धुणाऱ्या मुलीलाच.

ताब्यात गेलेल्या माणसाचा अभिनय

मुलं लगेच हात पुढे करून, मान वाकडी करून चालायला लागतात. ते पहिल्याच दिवशी थांबवा. पडद्यावर बघून उचललेली ती चाल आहे, आणि प्रेक्षक हसतात.

आपल्याकडे याहून चांगलं हत्यार आहे, आपली बोली. यानावरची सगळी माणसं एरवी घरच्यासारखं बोलतात. ज्याचा ताबा गेला, तो पुस्तकातलं बोलू लागतो. बाकी काही बदलायचं नाही. आवाज मऊ, चेहरा हसरा.

पहिल्या प्रवेशात कप्तान काका असे:

“काय वं धाकटे, जाळी धुतली का नाई? ये, आधी जेव. जाळी मंग धुजो.”

“काका, तुमचंच ताट वाढून राहिली मी.”

आणि तिसऱ्या प्रवेशात तेच काका:

“धाकटे, जाळी धुण्याची आता आवश्यकता नाही. तू दमली असशील. ये, आपण सर्व जण पाणी पिऊ.”

“काका... तुमाले बरं नाई वाटून राहिलं का?”

“मला उत्तम वाटत आहे. तुलाही वाटेल.”

गावातला प्रेक्षक दुसऱ्या वाक्याला सरसावून बसतो. घरचं माणूस अचानक परक्यासारखं बोलायला लागलं, याची भीती त्याला समजावून सांगावी लागत नाही. शिवाय दोन बारीक खुणा ठेवा. ताब्यात गेलेला माणूस डास मारत नाही, अंग खाजवत नाही. आणि बोलायच्या आधी सगळे सारखाच, एका श्वासाइतका थांबतात. ही थांबण्याची लय टाळ्या वाजवून पक्की करून घ्या.

धाकटीशी ते शेवटपर्यंत प्रेमानंच वागतात. कोणी ओढत नाही, मारत नाही. ती माणसं तिचे वैरी नाहीत, आजारी आहेत. त्यांना हरवायचं नसून परत आणायचं आहे, हे मुलांच्या मनात पक्कं बसलं की पाठलागाच्या प्रवेशात धक्काबुक्की होत नाही. दिग्दर्शकाची निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

पळ कसा काढायचा: घटनांचा क्रम

पंखा थांबतो आणि धाकटीला शांतता ऐकू येते. ती जाळी बघायला जाते, जाळी स्वच्छ आहे, म्हणजे पंखा कोणीतरी हातानं बंद केलाय. मग वही. मग टाकीच्या पाण्याचा संशय. ती पाणी पिण्याचं सोंग करते आणि खरं पाणी वाडीतल्या पानांवर पिशवी बांधून मिळवते. पानांतून निघालेली वाफ पिशवीच्या आत थेंब होऊन साचते. हा प्रयोग शाळेत कोणत्याही झाडाच्या फांदीला पारदर्शक पिशवी बांधून सकाळपासून दुपारपर्यंत करता येतो. नाटकात वापरायची पिशवी तीच ठेवा.

इथपर्यंत भराभर न्या. आता दाराचा प्रवेश.

जून १९९७ मध्ये ‘मीर’ स्थानकावर मालवाहू यान आदळलं आणि ‘स्पेक्त्र’ नावाच्या भागाला भोक पडलं. हवा बाहेर जाऊ लागली, आतल्या तिघांच्या कानांना दाब उतरल्याचं जाणवलं. त्या भागाचं दार लावून टाकणं एवढाच उपाय होता. पण दार लागेना, कारण दारातून विजेच्या आणि इतर केबली टाकलेल्या होत्या. त्या आधी काढाव्या लागल्या, काही कापाव्या लागल्या, मग दार बंद झालं आणि माणसं वाचली.

आपल्या धाकटीपुढेही तेच संकट ठेवा. शिडीच्या वाटेचं दार तिला आतून लावायचंय आणि दारातून वाडीच्या पाण्याची नळी गेलेली आहे. मोठ्यांना ती नळी कुठे जोडली ते आठवणारही नाही. धाकटीनं ती स्वतः टाकली होती. पाठीमागून काकांचा मऊ आवाज जवळ येतोय आणि ती नळीचा क्लॅम्प सोडवतेय. हा प्रवेश सावकाश करा. तिची बोटं, नळी, क्लॅम्पचा स्क्रू, सगळं पुढच्या रांगेला दिसलं पाहिजे. मोटरपंपाच्या नळीला जो क्लॅम्प असतो तोच वापरा, म्हणजे शेतकरी प्रेक्षकांची बोटंही आपोआप वळायला लागतात.

दार लागलं, पण मोठी माणसं ते ओढून उघडतील, त्याचं काय? इथे विज्ञान कामाला येतं. समुद्रसपाटीला हवा दर चौरस मीटरवर सुमारे दहा टनांचा दाब टाकते. आपल्याला तो जाणवत नाही, कारण दोन्ही बाजूंनी सारखाच असतो. एका बाजूचा थोडा कमी केला की फरक दिसतो. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. तिथला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण एक अष्टमांशानं कमी असतो, तरी तिथे माणसं मजेत फिरतात. धाकटी शिडीच्या वाटेतली हवा व्हॉल्व्हमधून थोडी बाहेर सोडून तिथला दाब चिखलदऱ्याइतका करते. दार एक चौरस मीटरचं आणि कड्याच्या बाजूला उघडणारं. आता कड्याकडची हवा त्याला चौकटीवर दाबून धरते, जवळपास तेरा क्विंटलच्या जोरानं. तेरा क्विंटल धान म्हटलं की मांडवातल्या प्रत्येकाला वजन डोळ्यांसमोर दिसतं. आठ माणसांनी ओढलं तरी ते हलणार नाही. कोणाला ओरखडाही न येता धाकटी सुरक्षित.

एखादं हुशार पोरगं विचारेल, दारातच दाब सारखा करायची सोय असेल तर? असते. खऱ्या अंतराळ स्थानकाच्या दारांतही असा छोटा व्हॉल्व्ह असतो. धाकटी दार लावल्याबरोबर त्यावर आतून टोपण घट्ट बसवते. हे टोपण पहिल्या प्रवेशात ती घासताना दिसलेलं असू द्या.

आता ती शिडी चढते, हलकी होत जाते आणि गाभ्यात पोचते. तिथे एक छोटी जीवनौका आहे, आणि प्रेक्षकांना वाटतं की आता ही निघून जाणार. तिला हिशेब करू द्या, मोठ्यानं. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षं दूर. माणसानं सर्वांत दूर पाठवलेलं यान व्हॉयेजर-१ सेकंदाला १७ किलोमीटरच्या आसपास वेगानं जातं, त्या वेगानं एवढं अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील. जीवनौकेत हवा काही दिवसांची. मदतीची हाकही लगेच पोचत नाही. व्हॉयेजर-१ चा संदेश प्रकाशाच्या वेगानं येऊनही पृथ्वीवर पोचायला जवळपास दिवस घेतो, आणि ‘वैनगंगा’ तर त्याच्याही पलीकडे आहे. जायला जागाच नाही. गाव सोडून कुठे जायचं, हा प्रश्न ज्या घरांत रोज बोलला जातो तिथे हा प्रवेश खोल जातो, त्याला भाषण जोडू नका. ती जीवनौकेचं दार लावते आणि पंख्यांच्या स्विचकडे वळते.

पंखे सुरू, तापमान खाली, हवा कोरडी, पाण्याची टाकी बंद आणि राखीव पाणी चालू. बुरशीला जे हवं होतं ते सगळं ती काढून घेते.

मंच, आवाज, उजेड

यानाचा सततचा घरघराट हा नाटकाचा कणा आहे. त्यासाठी आपल्याकडे हिवाळ्यात अडगळीत पडलेली उत्तम वस्तू म्हणजे कूलर. ताट्या काढून, टाकी पूर्ण कोरडी करून, तोंड मागच्या भिंतीकडे फिरवून कूलर पडद्यामागे ठेवा आणि नाटक सुरू होण्याआधीपासून चालू ठेवा. पाच मिनिटांत लोक तो आवाज विसरतात. तिसऱ्या प्रवेशात बंद केला की अख्ख्या मांडवाला काहीतरी बिघडल्याचं जाणवतं. कूलरच्या पत्र्याला करंट उतरून आपल्याकडे दर उन्हाळ्यात माणसं दगावतात, म्हणून अर्थिंग तपासल्याशिवाय तो लावायचा नाही. स्विच एखाद्या मोठ्या माणसाच्याच हातात राहील आणि मुलांनी त्याच्या आसपास फिरकायचं नाही.

शिडी जेमतेम सहा पायऱ्यांची घ्या, दोन दणकट मुलं खाली धरून उभी. पहिली पायरी धापा टाकत, शेवटची नुसत्या बोटानं. गाभ्यातलं तरंगणं मुलीकडून करवू नका. पांढरं धोतर ताणून बांधा, मागे एक एलईडी दिवा, आणि पुठ्ठ्याची कापलेली धाकटी बारीक काडीवर नाचवा. सावली सुंदर तरंगते. संवाद खरी धाकटी पडद्याआडून बोलते.

कपडे साधे, सगळ्यांचे एका रंगाचे. चमकीचा कागद गुंडाळू नका, खऱ्या अंतराळ स्थानकावर माणसं टी-शर्ट आणि अर्ध्या चड्डीत काम करतात. नाटक चालू असताना लाइट गेली तर थांबायचं नाही. बॅटऱ्या तयार ठेवा, तालमीत दोन-तीनदा मुद्दाम अंधार करून बघा, आणि कप्तानाच्या तोंडी एक वाक्य आधीच देऊन ठेवा: “यानाची वीज गेली, बॅटऱ्या लावा.”

तालमी

धान कापणीच्या दिवसांत मुलं बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, असतात, तेव्हा तालीम ठेवून आईबापांचा रोष घेऊ नका. चुरणं-मळणी आटोपल्यावर सुरू करा. शाळा सुटल्यावर लगेच बसा आणि उजेड असतानाच मुलांना घरी पोचवा. जंगलालगतच्या गावांत संध्याकाळी वाघ-बिबट्याची भीती खरी आहे, नाटकापायी एकही मूल अंधारात वाटेला लागता कामा नये. धाकटीचं काम मुलीलाच द्या. दोघींना शिकवून ठेवा, एक आजारी पडली तर दुसरी. गावात झाडीपट्टीत काम केलेलं कोणी असेल, तर एका तालमीला बोलवा. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा फेकायचा, हे त्यांच्याइतकं चांगलं मला शिकवता येत नाही.

शेवटचा प्रवेश आणि नंतरचे प्रश्न

माणसं एकदम शुद्धीवर येत नाहीत. मावशी आधी, कारण तिच्या पोटात ते पाणी कमी गेलं होतं. कप्तान काका सगळ्यात शेवटी. ते कसे परत आले, हे सांगायला संवाद लागत नाही. ते मान खाजवतात, एक डास मारतात आणि म्हणतात, “धाकटे, जाळी धुतली का नाई वं?” पडदा.

पडदा पडला की लोकांना उठू देऊ नका. सूत्रधार आणि धाकटी समोर बसून प्रश्न घेतील. प्रश्न ठरलेले येतात. काकांना काही आठवतं का? हे मुलांनी आपापसांत आधी ठरवून ठेवावं, उत्तर कोणतंही चालेल, पण दोघांचं एकच असावं. तेरा क्विंटल कसे आले? तो हिशेब पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत तयार ठेवा. अळीचं खरं आहे का? त्यासाठी शेंड्यावर अळी लटकलेली हरभऱ्याची फांदी बरणीत घालून आणा, झाकण घट्ट लावा आणि रांगेतून फिरवा.

आणि पिसाळलेल्या कुत्र्याचा प्रश्न कोणी विचारला नाही, तरी तुम्ही काढा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं, पण चावल्यावर लगेच उपचार घेतले तर आजार टळतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं, लसीचे सगळे डोस ठरल्या तारखांना पूर्ण करायचे. जखम खोल असेल तर डॉक्टर जखमेत वेगळं इंजेक्शनही देतात. उतारा करणाऱ्याकडे एक तासही घालवायचा नाही. हे धाकटीच्या तोंडूनच सांगवा, तिच्याच बोलीत. त्या रात्री गाव तिचं ऐकतं.